प्रचारप्रमुखाचा चालू दर

आपली बाजारात किंमत किती, हे माणसाने एकदा तरी विचारून बघावं, असा उपदेश करणारे लोक स्वतः कधी विचारायला गेलेले नसतात. मी गेलो होतो. रीतसर, तीन प्रतींत अर्ज करून. उत्तर आलं ते निवडणूक कार्यालयाच्या फळ्यावर लागलं, आणि तो फळा नेमका भाजीबाजाराच्या वाटेवर आहे.

सुरुवात माझ्या बायकोपासून झाली. (बहुतेक गोष्टींची होते, पण या वेळी तिचा दोष नव्हता, हे मी आधीच नमूद करतो.) ती पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात मेट्रन होती. आमच्या प्रभागातल्या निम्म्या मतदारांना जगातली पहिली थप्पड तिच्या हातची मिळालेली आहे. प्रसूतिगृहासमोरचा रस्ता पालिकेने पाइपासाठी खणला आणि चार वर्षं तसाच ठेवला. तिच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एक टॅक्सी त्या खड्ड्याच्या अलीकडे अडकली, आणि बाळ मागच्या सीटवरच जन्माला आलं. त्या दिवशी ती घरी आली, पर्स टेबलावर आपटली आणि म्हणाली, "मी उभी राहते निवडणुकीला. तो खड्डा मी बुजवून घेणार." तिच्या आवाजात असं काही होतं, की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

उमेदवारी अर्जावर 'प्रचारप्रमुखाचे नाव' असा रकाना होता. तिने माझं नाव घातलं. माझ्या गुणांची कदर म्हणून, असं मी आजही मानतो. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यापेक्षा हे बरं," असं ती तिच्या भावाला फोनवर म्हणाली, ते माझ्या कानावर आलं. पण भावाशी माणूस काहीही बोलतो.

मी स्वतः सांख्यिकी खात्यात तेहतीस वर्षं काढली, मजुरी दर विभागात. गवंडी, सुतार, न्हावी, लिफ्टमन, कुठल्या भागात कोणाला किती मिळतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. आमच्या इमारतीत मला मागून 'सरासरी' म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. शंभर माणसांचं खरं एका आकड्यात सांगणं हे काही खायचं काम नाही.

तर खर्चाचा तक्ता घेऊन मी निवडणूक कार्यालयात गेलो. पत्रकं, खुर्च्या, चहा, भोंग्याची गाडी, सगळं मिळून बारा हजार तीनशे. चौदाव्या रकान्यात, 'प्रचारप्रमुखाचे मानधन' समोर, मी सुवाच्य अक्षरात 'शून्य' लिहिलं होतं. खर्च विभागातल्या कारकुनाने चष्मा कपाळावर ढकलला आणि त्या शून्याकडे बघितलं.

"हे चालायचं नाही."

"का? मी फुकट काम करतोय. नवरा आहे मी त्यांचा."

"सगळेच कोणाचे तरी कोणीतरी असतात," तो म्हणाला. "काम फुकट केलं तरी त्याची किंमत खर्चात धरायची. चालू दराप्रमाणे."

"चालू दर किती आहे?"

त्याने दरपत्रक माझ्याकडे सरकवलं. खुर्चीचा दर होता, सतरंजीचा होता, चहाचा साखरेसकट आणि बिनसाखरेचा असा वेगवेगळा होता. प्रचारप्रमुखासमोर फक्त 'प्रचलित' एवढंच होतं.

"पण प्रचलित म्हणजे किती?"

"ते आम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही शोधून आणा. वाजवी वाटला तर आम्ही शिक्का मारू."

दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच उभ्याउभ्या पाच हजार लिहून टाकले असते आणि घरी जाऊन जेवला असता. पण तेहतीस वर्षांच्या नोकरीत 'अमुक कामाचा दर उपलब्ध नाही' हे वाक्य मी एकदाही कागदावर येऊ दिलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने आला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

इमारतीत बातमी पोचायला जिना चढण्याइतका वेळ लागला. तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले, "साहेब, दहा हजार लिहा. ना कमी ना जास्त. कोणी विचारत नाही." वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मुळीच नाही! किंमत कमी लावली की लोकांना वाटतं, काम कच्चं असणार. मी दर वाढवला तेव्हापासून पेशंट तक्रार न करता तोंड उघडतात." आणि माझा मेव्हणा, ज्याला स्वतःलाच प्रचारप्रमुख व्हायचं होतं, तो म्हणाला, "भाऊजी, तुमचा दर कशाला शोधताय? ताईला विचारा ना, ती एका शब्दात सांगेल." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मी पाहणी करायचं ठरवलं.

पालिकेचे प्रभाग अकरा. मी प्रश्नावली तयार केली, कार्बन घालून प्रती काढल्या, आणि पुढचे नऊ दिवस प्रभागाप्रभागातल्या प्रचारप्रमुखांना भेटत हिंडलो. त्या नऊ दिवसांत माझ्या उमेदवाराचा प्रचार कोण करत होतं, असा प्रश्न एखादा खवचट माणूस विचारेल. ती स्वतः करत होती. संध्याकाळी चपला घालून बाहेर पडायची आणि घरोघर जायची. लोक तिला आत बोलावून मुलांच्या उंच्या दाखवायचे.

पाहणीतून निघालं ते मात्र थक्क करणारं होतं. टेकडीवरच्या बंगल्यांच्या प्रभागात प्रचारप्रमुखाला महिना अठरा हजार आणि वर जिंकलं तर बक्षीस. कारखान्यांच्या प्रभागात महिन्याचा हिशोबच नाही, सभेमागे सातशे, आणि सभा उधळली गेली तर हजार, कारण मार खावा लागतो. जुन्या गावठाणातला प्रचारप्रमुख म्हणजे एक वयस्कर गृहस्थ, तीन पिढ्या एकाच घराण्याचं काम बघणारे. पगार विचारल्यावर त्यांना एवढा राग आला, की त्यांनी मला दिलेला चहा परत आत नेला. त्यांना पगार नाही, पण गेली वीस वर्षं कचऱ्याच्या गाड्यांचं कंत्राट त्यांच्या जावयाकडे आहे, हे मला खाली पानवाल्याने सांगितलं. तळटीप टाकली.

सगळ्यात जास्त दर सापडला बाजाराच्या प्रभागात. तिथे एका उमेदवाराचा प्रचारप्रमुख महिना अठ्ठेचाळीस हजार घेत होता, आणि तो उमेदवार याआधी चार वेळा अनामत घालवून बसलेला. गोदामात पोत्यांवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होता हा इसम.

"एवढे कसे?" मी विचारलं.

"साहेब, सोपं आहे," तो म्हणाला. "जिंकणाऱ्याकडे काम करायला लोक रांगा लावतात. फुकट करतात, वर हार आणतात. हरणाऱ्याचं काम केलं की पुढे पाच वर्षं तोंड लपवून हिंडायचं. त्या तोंडाचे पैसे असतात हे."

अकराही प्रभागांचे आकडे मांडले तेव्हा त्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. भाग श्रीमंत की गरीब, वस्ती दाट की विरळ, याचा दराशी फारसा संबंध नव्हता. जिथे पराभव नक्की, तिथे पगार जास्त. जिथे विजय नक्की, तिथे प्रचारप्रमुखच पदरमोड करतो. हा शोध माझाच होता आणि मी तो लाल शाईने अधोरेखित केला होता, हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी काय केलं त्याचं मोल तुम्हाला कळेल.

सरासरी आली सव्वीस हजार चारशे. तिथेच थांबायला हवं होतं. पण मजुरी दर विभागात अनुभवाची वाढ धरायची पद्धत आहे, आणि शिक्षणाचीही. तेहतीस वर्षांचा अनुभव, पदवी, शिवाय पाहणीची पायपीट. आकडा झाला एकेचाळीस हजार सातशे पन्नास. मी तो दोनदा तपासला. मग आरशासमोर उभा राहून एकदा मोठ्याने म्हटला. नोकरीत मला एवढा पगार कधीच मिळाला नव्हता, आणि खरं सांगतो, माझी छाती भरून आली. मी तो चौदाव्या रकान्यात लिहिला आणि पाहणीची बत्तीस पानं मागे टाचली. बायको बाहेर जायच्या घाईत होती. "सही हवी का? कुठे?" म्हणून तिने न वाचता सही केली. कारकुनानेही बत्तीस पानांचं वजन हातात जोखलं आणि शिक्का मारला.

नियमाप्रमाणे तक्ता फळ्यावर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी धावत वर आले.

"साहेब, खर्चाची मर्यादा किती आहे माहीत आहे का?"

"कसली मर्यादा?"

"उमेदवाराने एकूण चाळीस हजारांवर खर्च करायचा नाही. अर्जाच्या पहिल्या पानावर छापलंय, ठळक. तुम्ही एकटेच बायकोला त्याच्या वर घेऊन गेलात!"

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. आता कोणी म्हणेल, आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला साधी बेरीज कशी दिसली नाही? तर त्याचं असं आहे, की आम्ही सरासरी काढायचो. बेरजा हा वेगळा विभाग होता, तिसऱ्या मजल्यावर.

त्यात बाजारच्या त्या पोत्यांवरच्या इसमाचं तत्त्वज्ञान माझ्याही आधी सगळ्या गावाला ठाऊक होतं, असं निघालं. फळ्यावरचा आकडा वाचून भाजीवाल्या एकमेकींना म्हणू लागल्या, "बाईंनी एवढे पैसे देऊन माणूस ठेवला? म्हणजे बाईंचं काही खरं नाही." ज्या घरांत बायकोला आत बोलावत होते, तिथे आता दारातच "काळजी घ्या हं" असं ऐकू यायला लागलं. आमच्या विरोधात उभे असलेले फरशीवाले, ज्यांच्या दुकानातल्या फरशा त्या खणलेल्या रस्त्यावर कधीतरी बसायच्या होत्या, त्यांनी लगेच तक्रार गुदरली. आणि गुरुवारी नोटीस आली: मर्यादाभंगाबद्दल आपली उमेदवारी रद्द का करू नये?

बायकोने ती उभ्याने वाचली. मग बसून वाचली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "त्या बाईला टॅक्सीत कळा येत होत्या ना, तेव्हा तिने मला विचारलं होतं, की रस्ता कधी होणार." एवढं बोलून ती आत गेली. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. तेहतीस वर्षांत माझ्या एका आकड्याने कोणाचं वाईट झालं नव्हतं. पहिल्यांदा झालं ते हिचं झालं, याची मला शरम वाटली.

सुनावणीला निवडणूक अधिकारी म्हणून एक बाई होत्या. शांत, आणि सर्दी झालेल्या. त्यांनी नियम वाचून दाखवला. शिक्का बसलेला दर कमी करता येत नाही. मात्र काम हलक्या प्रतीचं होतं असं साक्षींनी सिद्ध झालं, तर कामाची किंमत नव्याने ठरवता येते. माझी किंमत सत्तावीस हजार सातशेच्या आत आली, की उमेदवारी वाचणार होती.

"म्हणजे मी निरुपयोगी होतो असं सांगणारे लोक आणायचे?" मी विचारलं.

"दोनतीन पुरेत," अधिकारी बाई म्हणाल्या. "मिळतील का?"

एकतीस आले. शिंप्यांनी आणि दातांच्या डॉक्टरांनी फक्त जिन्यात एक चिठ्ठी लावली होती. लोक दुकानं बंद करून आले, काही जण नीट कपडे घालून आले. अधिकारी बाई प्रत्येकाला विचारायच्या, काय काम बघितलं आणि तुम्ही यांना किती दिले असते.

लाँड्रीवाला म्हणाला, "पत्रकाच्या पुढे बाईंचा फोटो आणि मागे कुठल्या भागात कोणाला किती मजुरी, याचा तक्ता. माझा कारागीर तो वाचून नोकरी सोडून गेला. मी दोनशे दिले असते, तेही दया म्हणून." दातांचे डॉक्टर म्हणाले, "सभेची वेळ ठरवायला यांनी सगळ्यांच्या सोयीच्या वेळा विचारल्या आणि सरासरी काढली. कोणाला सकाळी नऊ सोयीची, कोणाला रात्री आठ. सभा झाली दुपारी दोन वीसला. चार माणसं होती, त्यातली दोन सावलीला आलेली. पाचशे." प्रसूतिगृहातली परिचारिका म्हणाली, "यांनी भोंग्याची गाडी आमच्या खिडकीखाली उभी केली. एकोणीस बाळं एकदम उठली. माझ्याकडून शंभर." कोपऱ्यावरच्या एका आजोबांनी सांगितलं, की मी मत मागायला गेलो आणि त्यांच्या घरातल्या माणसांची संख्या जनगणनेशी जुळत नाही म्हणून पाऊण तास भांडून आलो. हे खरं होतं. पण ते दोन नातवंडं लपवत होते, हे त्यांनी सांगितलं नाही.

शिंप्यांच्या पहिल्याच साक्षीने, पाच हजारांनी, आमचं काम झालेलं होतं. मी हळूच म्हणालोही, की आता थांबायला हरकत नसावी. अधिकारी बाई नाक पुसत म्हणाल्या, "आलेल्या प्रत्येकाचं ऐकून घ्यावं लागतं." शेवटचा मेव्हणा. तो वही घेऊन आला होता. वीस मिनिटं वाचून त्याने आकडा सांगितला, "उणे पाच हजार. नुकसान धरून."

उणे चालतं का हे कारकुनाला नियमावलीत बघावं लागलं. चालत होतं. मग बाईंनी एकतीस आकड्यांची सरासरी काढली आणि जाहीर केलं, "बाराशे चौतीस."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मनातल्या मनात मीही करत होतो ना. "बाई, चूक होतेय," मी उठून म्हणालो. "शेवटच्या आकड्याचं उणे चिन्ह राहिलं. नऊशे बारा येतात."

खोलीत कोणी हसलं नाही. हे जास्त लागलं.

"बरोबर आहे," त्या खोडत म्हणाल्या. "आता एकच राहिलं. या साक्षी लोकांच्या झाल्या. काम हलक्या प्रतीचं होतं, हे उमेदवार किंवा प्रचारप्रमुख, दोघांपैकी एकाने लेखी मान्य करावं लागतं. नाहीतर जुना आकडा कायम आणि उमेदवारी रद्द." त्यांनी कागद माझ्या बायकोपुढे ठेवला. "करा सही."

बायकोने पेन उचललं नाही. "मला नका विचारू," ती म्हणाली.

"का? तुमचीच उमेदवारी आहे."

"मी खोटं बोलत नाही. आणि ह्यांच्यासमोर, चारचौघांत, खरंही बोलणार नाही."

अधिकारी बाईंनी घड्याळाकडे बघितलं. फरशीवाले मागच्या बाकावर पुढे सरकून बसले. तिला तो खड्डा बुजवायचा होता. दुसरं तिने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. आणि ती सही करत नव्हती. मी तो कागद माझ्याकडे ओढला. 'प्रचारप्रमुख या नात्याने मी केलेल्या कामाचा उमेदवारास काहीही उपयोग झालेला नाही' असं त्यावर टाइप केलेलं होतं. मी सही केली, जराशी वाकडी. खाली मी पूर्ण नाव, पदवी आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा लिहिला. तेवढी जागा होती.

ती निवडून आली. सोळाशे मतांनी. फळ्यावर माझी नवी किंमत लागली, आणि 'बाईंचा माणूस फक्त नऊशे बारा घेतो' हे वाचून सगळ्यांना वाटलं, की बाई येणारच. शपथ घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात खड्ड्याच्या कडेला खडी येऊन पडली. ती स्वतः जाऊन बसते तिथे, घरातली खुर्ची घेऊन.

एका सकाळी ती अशी खडीवर गेलेली असताना फरशीवाले आमच्या दारात आले. हातात कागदाची एक पिशवी. मी म्हटलं, भांडायला आले असतील. पण त्यांनी चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि बसले.

"पुढच्या निवडणुकीबद्दल बोलायचं होतं," ते म्हणाले. "तुमच्याइतका पक्का, सरकारी कागदावर सिद्ध झालेला माणूस दुसरा नाही. साठ हजार देतो. महिना."

बाजाराच्या प्रभागातसुद्धा हा दर नव्हता. "तुमचा प्रचार मी करायचा?" मी विचारलं.

"छे छे!" ते घाबरून म्हणाले. "माझा नाही. बाईंचाच करायचा. जसा या वेळी केलात तसाच. थोडा आणखी मन लावून."

मी त्यांना दार दाखवलं. कसं दाखवलं, ते शब्द मी इथे लिहीत नाही. पण खालून शिंपी कात्री घेऊन वर आले होते. दुपारी बायको धुळीने माखून घरी आली. मी तिला सगळं सांगितलं, आणि शेवटी, आवाज जमेल तितका साधा ठेवून, विचारलं, की पुढच्या वेळी प्रचारप्रमुख कोण.

"कोण म्हणजे? तुम्हीच," ती पाय धुता धुता म्हणाली. "आणखी कोणाला ठेवू?"

मी टॉवेल आणून तिच्याजवळ ठेवला. मग म्हणालो, की तसं असेल तर माझा चालू दर आता साठ हजार आहे, याची तिने नोंद घ्यावी.

तिने टॉवेल घेतला, पाय पुसले. "मग त्या फरशीवाल्याला म्हणावं, निम्मे माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "तुम्हाला घेऊन जिंकायचं म्हणजे जास्त काम मलाच पडतं."